फक्त रंग देतो

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर दवाखान्यातल्या त्या खोलीत आलेला माणूससुद्धा पेन्शनीत जाऊन वारला. तरी कालपासून मी तुमच्याशीच बोलतो आहे. मनातल्या मनात बोललो असतो तरी चाललं असतं, पण मनात माझी एक गोष्ट एका जागी टिकत नाही. एक धरली की दुसरी निसटते, आणि दुसरीच्या मागे गेलो की पहिलीवर शंका येते. म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण मोहोळच्या शाळेतल्या चौथीपर्यंतचं, तेही मेंढरं राखून उरलेल्या दिवसांचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. सूनबाईनं वाचलं तर काय म्हणेल, अशीही धास्ती आहे, म्हणून ती बाजारात गेल्यावर दार लोटून बसलो आहे. मघापासून दोनदा उठून कडी बघून आलो.

झालं असं, की माझी नात आता रक्त-लघवी तपासायचं शिकायला जाणार आहे. त्याचं आता रीतसर कॉलेज असतं, परीक्षा असते, पास झाल्यावर पायऱ्या असतात. कोण खालचा, कोण वरचा, कुणी कशाला हात लावायचा, सगळं ठरलेलं. काल जेवताना तिनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही नक्की कोण होता? टेक्निशियन का असिस्टंट का अटेंडंट?" मी घास हातात धरून बसलो. सूनबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामंजी रंगारी होते. सरकारी कागदात तसंच आहे की." पोरगी एवढी हसली की तिला ठसका लागला. "रंगारी? दवाखान्यात?" मीही हसलो. हसण्यासारखंच आहे ते. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दवाखान्याचे साहेब खोली बघायला आले त्या दिवशी त्यांना तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलंत, आणि ते का सांगितलंत, हे मला अजून कळलेलं नाही. चाळीस वर्षं मी ते उलटंपालटं करून बघतो आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी दवाखान्यात नोकरीला आलोच नव्हतो. बापाला दिवसाआड थंडी वाजून ताप यायचा, म्हणून त्याला बैलगाडीत घालून सोलापूरला आणलं होतं. माझं लग्न झालेलं होतं, मिसरूड जाड झालेली होती, पण तोवर डॉक्टर पाहिला नव्हता. डॉक्टरांनी मागच्या अंगणातल्या कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट केलं. तिथं तुम्ही होता. उंच, वाकलेले, काळी टोपी, आणि बोटं नखांपर्यंत लाल. बापाचं बोट धरून तुम्ही सुई टोचलीत, तसा तो चिडला. "मेंढराला काय झालंय बघायचं तर आमी पोट फाडून बघतो. बोट टोचून काय दिसतंय तुमाला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हौ बाबा, तुझं पोट पण फाडलं असतं, पण साहेब मला चाकू देत नाहीत." बाप ताप विसरून हसला. मग तुम्ही काचेवर रक्ताचा थेंब ओढलात, रंग घातलात, धुतलात, मग काच खिडकीपाशी नेऊन जंतू बघायच्या दुर्बिणीखाली ठेवलीत, आणि मी वाकून बघतो आहे हे पाहून बाजूला सरकलात. "बघायचंय? बघ. पण हात मागं बांध." मी हात मागे बांधून डोळा लावला. काय दिसलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. जोंधळ्याच्या खळ्यावर कुणी जांभळा रंग शिंपडावा तसं काहीतरी. बापाला हिवतापावरचं कोयनेल मिळालं, तो बरा होऊन गावी गेला. मी गेलो नाही.

खोलीतल्या कामाला माणूस हवा होता, पण तो कोणत्या नावाचा हवा हे कुणालाच माहीत नव्हतं. झाडायचं, पाणी आणायचं, काचा धुवायच्या, म्हणून मला हमालात घातलं. तुमचंही तसंच होतं म्हणा. तुम्ही पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेलात, तिथं एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली शिकलात आणि कागद न घेता परत आलात. कुणी विचारलं तर म्हणायचात, "माझं सर्टिफिकेट म्हणजे बसऱ्याचा ताप. अजून दर पावसाळ्यात येऊन सही करून जातो." आधीच्या साहेबांनी तुमचं काम पाहून तुम्हाला असिस्टंट म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले. मास्तर तर तुम्हाला मीच केलं. दुसरा शब्द मला माहीत नव्हता.

क्षयासाठी थुंकी तपासताना काचेवरचा रंग तापवायला तुम्ही मला शिकवलंत ते दवाखान्यात नाही, तुमच्या घरी. स्पिरिटच्या दिव्यावर मी दोन काचा तडकवल्या तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, म्हणालात, "चल घरी." तुमच्या ओसरीवर शेगडी ठेवली, तिच्यावर दुधाचं पातेलं, आणि मला समोर बसवलंत. "वाफ आली की उचल. उकळी आली तर तू नापास." आत तरटाच्या पडद्यामागून तुमच्या मंडळींचा, चाचींचा आवाज आला, "अजी, पोराला कायकू छळता? घरात चूल पेटवायची म्हटली की तुम्ही उठून मशिदीत जाता, आणि त्याला आग शिकवताय!" तुम्ही म्हणालात, "ऐक, ही खरी उस्ताद." मी पातेलं उचलतो आहे, पुन्हा ठेवतो आहे, तुम्ही डोळे मिटून बसला आहात आणि तरी मला उशीर झाला की तुम्हाला कळतं आहे. आमच्यात तेव्हा तुमच्याकडचं शिजवलेलं खायची रीत नव्हती. चाची पडद्याखालून शेंगा आणि गूळ सरकवायच्या आणि म्हणायच्या, "शेंगांना जात नसते, खा." मी खायचो. पुढं काही दिवसांनी काचेवरचा लाल रंग माझ्या हातून उकळायचा थांबला, आणि माझी बोटंही तुमच्यासारखी लाल झाली. सोलापुरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अर्ध्या गावाची बोटं सूत रंगवून रंगलेली. वाटेत एखादा साळी मला थांबवून विचारायचा, "कुठल्या रंगखान्यात?" मी दवाखान्यात म्हटलं की तो माझ्याकडे संशयानं बघायचा.

रंग द्यायचं काम माझं, आणि दुर्बिणीत बघायचं तुमचं, अशी वाटणी होती. क्षयाचा जंतू त्या रंगात लाल काडीसारखा दिसतो. पण मग तुम्ही मला अधूनमधून बोलवायला लागलात. "ये रे, डोळा लाव. लाल काडी दिसते का?" मी म्हणायचो, "व्हय मास्तर, दोन हायत." तुम्ही पुन्हा बघायचात, दुर्बिणीचा आरसा फिरवायचात, टोपी मागे सारायचात आणि लिहायचात. तेव्हा मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेता. मनातून फुशारून जायचो. आता माझे स्वतःचे डोळे अधू झाले आहेत, दिव्याभोवती मला कडं दिसतं, कोंबडी आणि मांजर लांबून सारखीच दिसतात. तेव्हा वाटतं, तुम्ही परीक्षा घेत नव्हता. तुम्हाला दिसत नव्हतं. मग वाटतं, नाही, दिसत असणार, नाहीतर मी चुकलो ते तुम्ही कसं ओळखलंत?

ती चूक मी विसरलेलो नाही. गिरणीतला एक साळी खोकत आला होता. बाहेर बाकावर त्याची बायको त्याचा पंचा घडी करत, उलगडत, पुन्हा घडी करत बसली होती. काच पाहून मी ओरडलोच, "हायत मास्तर! लई हायत!" तुम्ही शांतपणे उठलात. बराच वेळ डोळा लावून बसलात. मग काच काढून उन्हात धरलीत. "हे जंतू नव्हेत. हा तुझाच रंग. गाळून घेतला नाहीस, त्याचे कण बसलेत." मी म्हणालो, "पर लाल दिसत होतं." तेव्हा तुम्ही म्हणालात ते अजून कानात आहे. "लाल दिसलं का ते मी विचारलं नव्हतं. काय दिसलं ते विचारलं होतं. तू म्हणतोस तसा कागद लिहून बाहेर गेला असता तर उद्या गिरणीनं त्याला दारात उभा केला नसता. ती बाई बघ. बघून ये जा." मी दारापर्यंत गेलो, तिला बघितलं, परत आलो. तुम्ही नवी काच करायला लावलीत, ती साफ निघाली. मग दिवसचे दिवस तुम्ही मला दुर्बिणीजवळ येऊ दिलं नाहीत. मी पाणी आणत होतो, काचा धूत होतो. आणि मग एक दिवस, जसं काही झालंच नाही, तसं तुम्ही म्हणालात, "ये रे, डोळा लाव." मला वाटलं, माफ केलं. आता वाटतं, माफ केलं की नाइलाज झाला?

मग साहेब खोली बघायला आले तो दिवस. त्याआधीच दवाखान्याच्या हेडक्लार्कनं सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं. नवीन नियम येतो आहे म्हणे. तपासणीच्या खोलीत प्रत्येकाचा दर्जा ठरणार, जो शिकलेला नाही त्यानं दुर्बिणीला हात लावायचा नाही, लावला तर लावणारा आणि लावू देणारा दोघेही घरी. आणि ज्यांची नावं खोलीच्या कामात लागतील त्यांच्यातून एकाला पुण्याला शिकायला पाठवणार. मी गावी बायकोला कळवूनसुद्धा टाकलं की बहुतेक मी पुण्याला जाईन. तुम्ही आदल्या दिवशी मला एवढंच म्हणालात, "उद्या साहेब काही विचारतील तर हौ म्हणू नक्को, ना पण म्हणू नक्को. उभा राहा."

मी उभा आहे. साहेब आत येतात, मागे हेडक्लार्क, हातात पेन्सिल. साहेब बाटल्या बघतात, दिवा बघतात, खिडकीतून बाहेर बघतात. मग माझ्याकडे बघून तुम्हाला इंग्रजीत काहीतरी विचारतात. लांबलचक विचारतात. मग तुमचं पलटणीतलं इंग्रजी, "ओन्ली कलर, सर." साहेब दुर्बिणीकडे बोट करून पुन्हा काही विचारतात. तुम्ही मान हलवता. आडवी हलवता. मला कलर शब्द येत होता, ओन्ली शब्दही येत होता, कारण एका बाटलीवर तो होता आणि त्याचा अर्थ तुम्हीच मला सांगितला होता. फक्त. फक्त रंग देतो. साहेब गेले. तुम्ही पाणी प्यालात, आणि मला म्हणालात, "काचा वाळल्या का बघ."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी हेडक्लार्कनं मला बोलावलं आणि सांगितलं की तुझी नेमणूक रंगारी म्हणून झाली. "रंगारी?" मी म्हणालो. तो म्हणाला, "तुझा मास्तर साहेबांना म्हणाला, हा रंग देतो. सोलापुरात रंग देणाऱ्याला काय म्हणतात? मी काय चुकीचं लिहिलं? आणि लेका, हमालापेक्षा वरचं आहे, पेढे दे." मी सांगायला गेलो की तो रंग निराळा, हा निराळा. त्यानं हात जोडले. "आता साहेबांची सही झाली. आता तो रंग एकच." आणि रंगारी आहेच तर दवाखान्याच्या खाटा गंजल्या होत्या त्याही माझ्याकडे आल्या. सकाळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मी वॉर्डात फिरायचो. रोगी म्हणायचे, "रंगारीबुवा, माझ्या खाटेला हिरवा द्या की!" पुण्याला जाणाऱ्यांत माझं नाव येण्याचा प्रश्नच उरला नाही. रंगाऱ्याला जंतू शिकवायला कोण पाठवतं? बार्शीचा एक मॅट्रिक झालेला गेला, शिकून आला, आणि पुढं तुमच्या जागेवर बसला. भला माणूस होता. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार कुणाविषयी आहे हेच तर कळत नाही.

कारण साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत आलो तर खिडकीपाशी तुमचं उंच स्टूल नव्हतं. तुम्ही ते घरी नेलं होतं. दुपारच्या आत खांद्यावर घेऊन आलात, घामाघूम, आणि खाली ठेवलंत तर त्याचे पाय कापलेले. चारी पाय नीट घासून, माझ्या उंचीचं. मी बुटका, तुमच्या स्टुलावर पाय लोंबायचे आणि दुर्बिणीवर वाकून माझी मान दुखायची, हे तुम्हाला कधी कळलं होतं कोण जाणे. म्हणालात, "बस. आजपासून खिडकी तुझी." मी म्हणालो, "मास्तर, कुनी बघितलं तर?" तुम्ही म्हणालात, "बाहेर बाकावर मी बसतो. कुणी आलं तर खोकतो." आणि त्या दिवसापासून तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्या खोलीतली जवळजवळ प्रत्येक काच मी पाहिली. सकाळी खाटा रंगवायच्या, हात रॉकेलनं धुवायचे, मग खिडकी. तुम्ही बाहेर बसून तपकीर ओढत असायचा आणि मध्येच खोकायचा, आणि कधीकधी तुम्हाला खरंच खोकला असायचा, तेव्हा मी उगाच उडी मारून काचा धुवायला लागायचो.

आता सांगा, मास्तर. काल ज्याला तुम्ही फक्त रंग देतो म्हणालात, त्याला आज खिडकी का दिलीत? मला वाचवलंत म्हणावं तर पटतं. मी दुर्बिणीत बघतो असं सांगितलं असतं तर दोघेही घरी गेलो असतो. माझी बायको हेच म्हणायची. ती तुम्हाला देवमाणूस म्हणायची, दर उरुसाला तुमच्या नावानं साखर वाटायची. पण तुम्ही एवढं म्हणू शकला असता, की हा खोलीतला माणूस आहे, ह्याला शिकायला पाठवा. त्यात कुठं नियम मोडत होता? ते का नाही म्हणालात? मी पुण्याला गेलो तर काच कोण बघणार, अशी भीती होती तुम्हाला? तुमच्या डोळ्यांचं उघड झालं असतं, म्हणून? हेडक्लार्क एकदा सुपारी कातरत म्हणाला होता, "तुझ्या मास्तरनं तुला पाय कापलेलं स्टूल दिलं, पण पाय तुझे कापले." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. पण वाक्य राहिलं. आणि तिसरी गोष्ट, जी मी बायकोलाही कधी बोललो नाही. कदाचित तुम्हाला खरंच वाटत असेल, की हा रंगच देऊ शकतो. ज्यानं एकदा स्वतःच्या रंगालाच जंतू म्हटलं, त्याच्यावर कुणाचा जीव सोपवायचा नसतो. खिडकी दिलीत ती दुसरं कुणी नव्हतं म्हणून. हा विचार आला की मी उठून पाणी पितो. आता पण प्यायलो.

आणि हेही नक्की नाही, की तुम्ही तेच म्हणालात. माझं इंग्रजी दोन शब्दांचं. साहेबांचा प्रश्न मला कळलाच नव्हता. त्यांनी विचारलं असेल, ह्याला आत्तापर्यंत काय शिकवलंस? तर तुमचं उत्तर बरोबर होतं, नाही का? आत्तापर्यंत फक्त रंग शिकवला. पण मग मान कशाला हलवलीत?

तुमच्या शेवटच्या आजारात मी घरी आलो होतो. चाची आधीच गेल्या होत्या, तरटाचा पडदा काढलेला होता, घर एकदम लहान दिसत होतं. तुम्हाला काहीच दिसत नव्हतं. पायरव ऐकून म्हणालात, "कोण?" मी म्हणालो, "मी हाय मास्तर." तुम्ही माझा हात धरून बोटं चाचपलीत, एक एक. "अजून लाल आहेत का रे?" मी म्हणालो, व्हय. खरं तर त्या दिवशी पांढरी होती, खाटांच्या रंगानं. खोलीत आपण दोघंच होतो. इतका वेळ होता. मी पावसाचं बोललो, मेंढरांना रोग पडला त्याचं बोललो, बार्शीवाल्यानं नवी दुर्बीण मागवली त्याचं बोललो. तुम्ही दोनदा म्हणालात, "बोल, बोल." ते मला बोलत राहा म्हणत होता, का काय विचारायचं ते विचार म्हणत होता, हेही कळलं नाही. मग दिवेलागण झाली आणि मी उठलो.

नातीला आज सकाळी सांगितलं, मी दवाखान्यात कामाला होतो. ती म्हणाली, "ते माहिती आहे हो आजोबा, पण कोण म्हणून?" मी म्हणालो, सांगतो नंतर. सूनबाई बाजारातून येईल आता. हा कागद कुठं ठेवायचा ते ठरलेलं नाही, बहुतेक चुलीत जाईल, टाकायला तर पत्ताच नाही. पण मास्तर, खरं सांगायचं तर पत्ता असता, तुम्ही जिवंत असता, सात रस्त्याच्या चौकात समोरून चालत आला असता, तरी मी हे विचारलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, हौ, नव्हतास तू त्या लायकीचा, तर मी लगेच मान्य केलं असतं. तुमचं ऐकायची सवय आहे. आणि मला ते मान्य करायचं नाही.